वाजवायची ताटं, जेवायची ताटं

माझ्या हातातली पळी त्यानं ओढून घेतली आणि पोरांसमोरचं एक ताट उचलून माझ्या तोंडापुढं धरलं.

"काठावर काय लिवलंय? वाच."

मी वाचलं. त्याच्या वडिलांचं नाव होतं. कै. लावून कोरलेलं.

"मोठ्यानं वाच. पोरांस्नी ऐकू दे."

मी मोठ्यानं वाचलं. पोरं मांडी घालून बसली होती. कुणाच्या हातात करवंट्या, कुणाच्या हातात बांबूचे तुकडे. मघाशी सगळी एका तालात होती. आता कुणी नाक पुसतही नव्हतं.

"माझ्या बापाच्या नावावर बडवतीयास व्हय?"

व्हरांड्यात पाऊल ठेवताना तो मला 'बाई, तुम्ही' म्हणाला होता. आता मी 'तू' झाले होते. त्यानं विचारलं, "रामनगरची न्हवं तू? कुठल्या गल्लीतली?"

मी सांगितलं.

"म्हंजे जत्रंत पालखीपुढं हलगी वाजवतो, त्याची पोरगी?"

"व्हय."

तो हसला. मागं हेडमास्तर उभे होते. तेही हसले. त्यांना हसायचं होतं की नाही मला ठाऊक नाही, पण हसले.

"मग बराबर हाय. हातातच हाय ते. पण ते देवळाच्या भाईर. ही शाळा हाय. ही जेवायची ताटं हाईत. तुमी हात लावला, वाजवली, आता पोरांनी कशात जेवायचं?"

तुमी. एकटीला तू, आणि बाटवायच्या वेळी तुमी. त्या एका शब्दात माझा बाप, आजा, आमची सगळी गल्ली उभी केली त्यानं. मी खाली बघत राहिले. माझ्या पायाशी तेलाचा रिकामा डबा होता. त्याच्याकडं बघत राहिले.

मी अतिथी शिक्षिका होते. गेस्ट टीचर. म्हणजे केव्हाही नको म्हणता येणारं माणूस. डी.एड. करून वर्षानुवर्षं घरात बसले होते, मग ही शाळा मिळाली. कर्नाटकातल्या जोयड्याहून अणशीच्या वाटेला, रस्ता सोडून आत, जंगलात. रामनगरहून पहाटेची बस, जोयड्याला उतरून जीप, पुढं पायी. गावात खोली बघितली होती. पहिल्यांदा सगळे 'या, या' म्हणायचे. मग आडनाव विचारायचे. मग पावण्यांना खोली लागते म्हणायचे.

तो माणूस, ज्यानं पळी ओढली, त्याला सगळं गाव अध्यक्ष म्हणायचं. पंचायतीचं अध्यक्षपद कधीच गेलं होतं, हाक तेवढी राहिली होती. सुपारीची बाग त्याची. गणेशगुडीच्या रस्त्याला पावण्यांसाठी बांधलेली लॉज त्याची. शाळेची ताटं त्यानं दिलेली, आणि शाळेत कोण शिकवणार हेही तोच ठरवायचा.

मी पोरांना काय शिकवत होते ते सांगते. काही मोठं नव्हतं.

माझ्या वर्गातली पोरं घरी कोकणीमिश्रित मराठी बोलायची. बाजारात कन्नड, पुस्तकातलं मराठी आणखी तिसरंच. लांब शब्द आला की अडखळायची. 'अभयारण्य' वाचायला सांगितलं की 'अभ' म्हणून गप्प. मी फळ्यावर फोड करून दाखवली, काही उपयोग झाला नाही. एक दिवस वैतागून टेबलावर बोटं आपटली. अ. भ. या. र. ण्य. पोरांनी बाकावर तशीच बोटं आपटली. आणि शब्द म्हटला. सगळ्यांनी. एकदम.

त्या दिवसापासून वाजवायला लागलो. आधी स्वतःची नावं. मग गावांची. मग पाढे. घरून जे आणता येईल ते आणा म्हटलं. करवंट्या आल्या, काड्यापेटीत भरलेले खडे आले, बांबूचे तुकडे आले. कुणी जुनं सूप आणलं. त्यावर नख ओढलं की पाऊस लांबून येतो तसा आवाज. स्वैपाकघरातल्या अक्कानं तेलाचा डबा दिला, पळी दिली आणि जेवणं झाल्यावर घासलेली ताटंही दिली. ताटाला चांगला नाद. पोरांना बोल पाहिजे होता, मी जेवणातलाच दिला. भात, आमटी, भात, आमटी, ताक! आणि ताकानंतर एक जागा मोकळी. तिथं कुणी वाजवायचं नाही. सगळ्यात अवघड तेच. मोकळ्या जागेत हात थांबवायचा. दांडगी पोरं, बाकावरून उड्या मारणारी, त्या मोकळ्या जागेपाशी श्वास धरून थांबायची. माझ्या अंगावर काटा यायचा.

हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. घरातलं होतं. बाबा वनखात्याच्या नर्सरीत रोजंदारीवर जायचे आणि लग्नात, मयतीत, जत्रेत हलगी वाजवायचे. माझ्या आजाचं गाव सुपा धरणात बुडालं. लोक उठले आणि रामनगरला येऊन बसले. गाव पाण्याखाली गेलं, गल्ल्या मात्र जशाच्या तशा वर आल्या. कोण कुठल्या टोकाला राहणार, कोण कुठल्या विहिरीवर जाणार, ते पाण्यात काही विरघळलं नाही. हलगी पण आमच्यासोबतच आली.

त्या दिवशी अध्यक्ष गेल्यावर हेडमास्तरांनी अक्काला ताटं चिंच-राख लावून घासायला सांगितलं. पोरांच्या समोर. अक्का घासत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोरं घरून ताटं घेऊन आली. पिशवीत, दप्तरात, हातात. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, मला कळलं नाही. जंगलात बातमी लवकर फिरते. मी हेडमास्तरांना विचारलं, तर म्हणाले, "स्वच्छतेच्या दृष्टीनं चांगलंच आहे, बाई. आपापलं ताट."

मी सवयीनं एका लहान पोराचं ताट पुढं सरकवायला गेले. त्यानं ताट छातीशी धरलं.

"बाई, तुमी धरू नगा. आई मारंल."

पहिलीतलं पोर. त्याला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. पाऊस पडतोय, छत्री घ्या, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

शाळेच्या ताटात जेवणारी एकटी तुळसा उरली. तुळसा चौथीत होती. गावाच्या खालच्या अंगाला आमच्या जातीचं एकच घर, ती तिथली. काल तिनं सगळ्यांसारखंच ताट वाजवलं होतं. आज ते कोरलेल्या नावाचं ताट पुढं घेऊन ती भिंतीकडं तोंड करून जेवत होती. तिला कुणी तिकडं बस म्हटलं नव्हतं. तिची तीच बसली.

ते बघून मी काय केलं? काही नाही. घंटा झाली, वर्गात गेले, पाढे घेतले. वाजवणं बंद झालं होतं, हेडमास्तरांनी तसं सांगितलं होतं. मी बंद केलं. पोरं पुन्हा अडखळायला लागली. मी घरी जाऊन जेवत नव्हते, पण पहाटे उठून बस मात्र धरत होते. आमच्या घरातून नोकरीच्या बसमध्ये चढणारी मी पहिलीच. ती बस चुकवायची माझी हिंमत नव्हती.

मग काही आठवड्यांनी अध्यक्षाचा निरोप आला. हेडमास्तरच घेऊन आले. चेहरा उजळलेला.

"बाई, तुमचं नशीब. लॉजवर बंगळुरूचे पाहुणे येणार आहेत, रविवारी. त्यांना इथलं काहीतरी पाहिजे. अध्यक्ष म्हणाले, त्या बाईंच्या पोरांचं ते वाजवणं ठेवा."

"ताटं?"

"ताटं, करवंट्या, सगळं. आणि तुमच्या वडलांना पण घेऊन या. हलगी असली की रंग येईल."

मी वह्या गोळा करायला लागले. ते म्हणाले, "पुढच्या वर्षीचं पण बघायचंय ना, बाई."

मी हो म्हटलं. मला वाटलं, धमकीला भिऊन म्हटलं. खरं तर तेवढंच नव्हतं. पोरं पुन्हा वाजवणार होती. मला ते ऐकायचं होतं. माणूस किती थोडक्यात विकला जातो. शनिवारी वर्गात पुन्हा करवंट्या निघाल्या. भात, आमटी, भात, आमटी, ताक. मोकळ्या जागेत सगळी थांबली. एक पण चुकलं नाही.

बाबा खूश होते. इस्त्रीचा सदरा घातला, डोक्याला फेटा. "पोरीच्या शाळंचं हाय," शेजारी सांगत सुटले. जीपमध्ये हलगी मांडीवर घेऊन बसले.

लॉजच्या अंगणात आंब्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुणे नदीवर गेले होते, होडीच्या खेळाला. ते येईपर्यंत पोरांची जेवणं उरकायची होती. बाबांनी कडेला पालापाचोळा पेटवून हलगी शेकायला घेतली. चामडं तापलं की आवाज उघडतो. पोरं त्यांच्याभोवती जमली, हात लावून बघायला लागली. बाबा हसत होते. तेवढा वेळ बरा गेला.

मग पानं मांडली. पोरं लॉजच्या व्हरांड्यावर ओळीनं बसली. हेडमास्तर त्यांच्यात बसले. आम्हाला एका गड्यानं मागं नेलं. मोटारी लावायच्या शेडात. खाली पोतं टाकलेलं. बाजूला डिझेलचा वास. बाबा सवयीनं मांडी घालून बसले. मी उभी होते.

शेडातून व्हरांडा दिसत होता. तुळसा पोरांच्या ओळीत बसली होती, मैत्रिणीला खेटून. गणवेश घातलेला, वेण्यांना लाल रिबिनी. अध्यक्ष वाढप बघत बघत तिच्यापाशी आला आणि थांबला.

"ए पोरी, तू हितं कशी? ऊठ. बाईंकडं जा. आपल्या माणसांत बस."

तुळसा उठली. पान उचलावं की ठेवावं तिला कळेना. पानावर भात वाढलेला होता. तिनं पान दोन्ही हातांनी उचललं. आमटी काठावरून गळून तिच्या गणवेशावर आली. ती तशीच सगळं अंगण ओलांडून आमच्याकडं चालत आली. आंब्याखालून. मांडलेल्या खुर्च्यांमधून. व्हरांड्यावरची पोरं जेवायची थांबून बघत होती.

ती शेडात आली, माझ्याशेजारी पोत्यावर बसली आणि जेवायला लागली. रडली नाही. रडली असती तर मी कदाचित तिला समजावलं असतं आणि स्वतःलाही. ती खाली मान घालून भराभर घास घेत होती, संपवून टाकायचं म्हणून.

माझ्या आत काहीतरी तुटलं. इतके दिवस ते मी धरून होते.

मी शेडाच्या बाहेर आले. अंगणाच्या मधोमध उभी राहिले.

"अध्यक्ष, पोरं आज वाजवणार नाहीत."

त्याला आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग तो वळला.

"काय म्हटलीस?"

"ज्या पोरीला तुमी शेडात बसवलं तिनं ताट वाजवायचं, आणि पावण्यांनी टाळ्या द्यायच्या? वाजवणार नाहीत."

"बाई!" हेडमास्तर व्हरांड्यावरून उठले. हात खरकटा. "बाई, काय बोलताय? पाहुणे येतायत."

"येऊ देत."

अध्यक्ष माझ्याजवळ आला. आवाज चढवला नाही त्यानं. "तुझ्यावाचून वाजणार न्हाई असं वाटतंय व्हय तुला?" आणि पोरांकडं वळून म्हणाला, "जेवा रे. हात धुवा आणि बसा वाजवायला. बाई आता जाणार हाईत."

मला वाटलं पोरं उठणार नाहीत. खरंच वाटलं. मी त्यांच्या एकेकीकडं, एकेकाकडं बघितलं. त्यांनी हेडमास्तरांकडं बघितलं. मग पानांकडं.

मी तुळसाचा हात धरला. बाबांना म्हटलं, "चला." बाबा उठत नव्हते. "अगं, बस. आपलं काय जातं. वाजवू आणि जाऊ." मी हलगी उचलली. ती अजून गरम होती. तेव्हा ते उठले.

आम्ही फाटकापर्यंत पोचलो तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या आत येत होत्या. रस्त्याला लागलो. गाडी मिळेपर्यंत चालायचं होतं. दोन्ही बाजूला सागवान. आणि मागून आवाज आला.

भात, आमटी, भात, आमटी, ताक.

पोरं वाजवत होती. एका तालात. मोकळी जागा बरोबर सोडत होती. इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं त्यांनी. प्रत्येक मोकळ्या जागेत पावण्यांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. मी शिकवलेलं. माझ्या घरातून आलेलं. माझ्याशिवाय, माझ्याच अपमानावर वाजत होतं. मी कानावर हात ठेवले. तरी ऐकू येत होतं. मग रस्त्याच्या कडेला बसले आणि ओरडले. शब्द नव्हता, नुसती ओरडले. तुळसा घाबरून बाबांच्या पायाला चिकटली.

बाबा म्हणाले, "नोकरी घालवलीस. मिळवलंस काय?"

"बाबा, तुमी वाजवता, पालखी पुढं जाते. जेवायच्या वेळी तुमी कुठं असता?"

"मान असतो आपला. आपण न्हाई वाजवलं तर पालखी उठत न्हाई."

"जेवायला कुठं बसवतात, ते सांगा."

त्यांनी तुळसाचा हात धरला आणि चालायला लागले. तुळसाला तिच्या घरी पोचवून आम्ही रामनगरला आलो.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचा फोन. "येऊ नका, बाई. दुसरी सोय झालीय." कारण विचारलं. "वरिष्ठांशी उद्धट वर्तन." वरिष्ठ कोण, विचारलं. फोन ठेवला.

जोयड्याला शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि विचारलं, "पुरावा काय? शेडात बसवलं म्हणता. जागा कमी असेल." मी म्हटलं, व्हरांडा अर्धा रिकामा होता. ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. असं मनात धरू नये."

तिथून पोलीस ठाणं. तिथल्या माणसानं लिहून घ्यायला पेन उचललं, अध्यक्षाचं नाव ऐकलं, पेन खाली ठेवलं. "साहेब आल्यावर या." साहेब कधी येणार? "फिरतीवर आहेत."

मी बाजारातून परत निघाले तर तुळसाची आई समोर. डोक्यावरची पाटी खाली न ठेवताच तिनं माझा हात धरला.

"बाई, तुमी तक्रार देणार म्हणत्यात."

"देणार."

"पोरीचं नाव घालू नगा. पाया पडते. तुमी रामनगरला जाशीला, आमाला तितंच ऱ्हायाचं हाय. त्येंच्याच बागंत कामाला जातो आमी. पानी त्येंच्याच हिरीचं."

"ताई, तिला उठवलं सगळ्यांसमोर. तिनंच सांगितलं तर—"

"ती बोलत न्हाई. तवापास्नं शाळंला जात न्हाई. जा म्हटलं तर माच्याखाली जाऊन बसती." मग ती माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुमी हात धरून उठवली नसती तर ती जेवून घरी आली असती, बाई. नेहमीसारकी."

पाटी सावरत ती गेली.  त्या दिवशी बस सुटली तरी मी स्टँडवर बसून होते. वाटत होतं, खरंच काय मिळवलं. पोरगी शाळेतून गेली. पोरं तालुक्यात आता पावण्यांपुढं वाजवतात असं ऐकलं. बाप बोलत नाही. आणि मी. मला मरून जावंसं वाटलं. हे लपवून काय उपयोग? सुप्याचं पाणी तिथून लांब नाही.

मेले नाही. कारण मोठं काही नाही. मरून गेले असते तर अध्यक्ष म्हणाला असता, बाईचं डोकं फिरलं होतं. आणि ते खरं ठरलं असतं.

तक्रार मी पोस्टानं पाठवली. ठाण्याला, जिल्ह्याला कारवारला, सगळीकडं. तुळसाचं नाव घातलं नाही. माझं घातलं. माझी जात घातली. त्याचं प्रत्येक वाक्य, तो जसं बोलला तसं. तू आणि तुमी सकट.

मग हेडमास्तर आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. दारात उभे राहिले. मी पाणी दिलं. "नको, आत्ताच पिऊन आलो." तांब्या माझ्या हातात राहिला.

"बाई, कशाला वाढवताय? कारवारहून विचारणा झालीय. अध्यक्षांचं मन मोठं आहे. गैरसमज झाला एवढं लिहून द्या. जूनपासून या शाळेत. वाजवणं पण चालू करू. ताटं नवी घेऊ."

आत बाबा खाटेवर बसून ऐकत होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. जून. बस. वर्ग. करवंट्या घेऊन बसलेली पोरं. मला ते सगळं पाहिजे होतं. आजही पाहिजे आहे. खोटं कशाला बोलू.

"गैरसमज झाला नाही, सर," मी म्हटलं. "मला नीट समजलंय."

"साक्षीदार कोण आहे तुमच्याकडं? एक तरी?"

मी आत बघितलं. बाबांनी मान खाली घातली. म्हणाले, "मी येत न्हाई गं." जत्रा जवळ आली होती.

हेडमास्तर दारातूनच वळले. "एकट्या पडाल, बाई."

पडलेच आहे. नोकरी नाही. साक्षीदार नाही. उद्या चौकशी लागेल, मला बोलावतील, समोर गाव उभं करतील, आणि गाव म्हणेल असं काही घडलंच नाही. पोरांना विचारतील, पोरं अध्यक्षाकडं बघून नाही म्हणतील. तुळसाची आई तोंड फिरवेल. हे सगळं मला दिसतंय. तरी मी जाणार. मला जे विचारतील ते सांगणार, जे विचारणार नाहीत तेही सांगणार. मिटवून घ्या म्हणाले तर उठणार नाही. कामावर घेतो म्हणाले तरी तक्रार मागं घेणार नाही.